दोन नावांचं पुस्तक

नवी पेठ, सोलापूर
४ डिसेंबर २०२४

सोनाबाई,

मी महादेवी हन्नूरकर. आठवीत तुझ्या शेजारी बसायचे ती. आपल्या दोघींत मिळून एकच नकाशाची वही होती आणि नद्या तू काढायचीस, डोंगर मी.

तुझा पत्ता तुझ्या नातीनं, ऋतुजानं दिला. ती आमच्या दुकानात इरकल बघायला आली होती. पाटीवरचं आडनाव वाचून म्हणाली, "माझी आजी एका हन्नूरकरांच्या मुलीबरोबर शाळेत होती." मी गादीवरून उठूनच तिच्याजवळ गेले. तिच्याकडून कळलं की तू नर्स होतीस, आता होटगीला मुलाकडं असतेस, आणि तुला अजिबात ऐकू येत नाही, फोन करून उपयोग नाही. म्हणून हे पत्र. मोबाईलवर एवढं लिहायला मला जमत नाही.

अप्पा आहेत अजून. एक्याण्णव चालू आहे. कान, डोळे आणि हट्ट, तिन्ही शाबूत. मी शाळेत सांगायचे ते तुला आठवत असेल, गिऱ्हाईक नसलं की ते दुकानातच बसून रहस्यकथा लिहायचे. माझी भाची शिवलीला हिनं दुकानाच्या माडीवर छोटं प्रकाशन काढलंय आणि ती अप्पांची पुस्तकं पुन्हा छापतेय. सगळ्यांत जास्त मागणी तुला माहीत असलेल्याच पुस्तकाला आहे. एकोणसत्तर साली ते 'सेटलमेंटचा जन्मचोर' या नावानं आलं. त्र्याऐंशीच्या आवृत्तीत तेव्हाच्या प्रकाशकानं घाबरून पहिला शब्द, तुमच्या वस्तीचं नाव, काढला, नुसतं 'जन्मचोर' राहिलं. आता शिवलीला म्हणते, हेही चालणार नाही. विलायतेत गाजलेल्या रहस्य कादंबऱ्यांची नावंसुद्धा अशीच बदलली गेली, एकीचं तर दोनदा. त्यानं पुस्तकं काही मेली नाहीत.

अप्पा ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, "नाव हाच तर चकवा आहे. वाचक नावावर विश्वास ठेवतो आणि फसतो. ज्याच्यावर खुनाचा आळ येतो तो राणबा शेवटी निर्दोष सुटतो की."

मला तुझं मत हवंय. आणि एक विचारायचं आहे. पुस्तक आलं त्या वर्षी दिवाळीनंतर तू शाळेत आलीच नाहीस. मी आजवर धरून चालले की ते त्या नावामुळंच. तसंच होतं का?

तुझी
महादेवी


होटगी
१४ डिसेंबर २०२४

महादेवी,

पत्र मिळालं. तुझी शिरोरेघ अजून शब्दाच्या भायेर पळतीया. ड्युटीवर मी शुद्ध बोलायचे, पण तुला लिहायला बसले की घरचीच भाषा येतीया, चालवून घे.

मी शाळा सोडली न्हाय. बाबाला रेल्वेत गँगमनची नोकरी लागली अन् आमी सेटलमेंट सोडून होटगीला आलो. हितल्या शाळेत गेले, पुढं नर्सिंग केलं, नोकरी केली, पेन्शन घेतीया. तेवा त्ये वझं तू उतरव.

पण नावानं काय केलंच न्हाय असं बी समजू नको. नर्सिंगच्या होस्टेलात एकीची सोन्याची अंगठी हरवली. मेट्रननं एकटीची ट्रंक उघडली, माझी. अंगठी जिची हुती तिच्याच एप्रनच्या खिशात घावली. ट्रंक माझी मीच परत भरली. संध्याकाळी खोलीवर गेले तर माझ्या उशीवर तुझ्या अप्पांचं पुस्तक ठेवलेलं. नाव वर करून. कुणी ठेवलं त्ये आजपर्यंत कळलं न्हाय.

राणबा निर्दोष सुटतो खरं. पण त्ये शेवटच्या पानावर. कवर सगळे बघतात, शेवटचं पान किती जण वाचतात?

तुझ्या अप्पांना माझा एक प्रश्न इचार. ते सेटलमेंटच्या आत कधी आले होते का?

नाव बदलायचं का ठेवायचं त्ये मला इचारू नका. आमच्या घरात त्या पुस्तकाला त्या नावानं कुणी हाक मारत न्हाय.

सोना


नवी पेठ, सोलापूर
२२ डिसेंबर २०२४

सोना,

तुझ्या उशीवरचं पुस्तक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अप्पांना तुझा प्रश्न सकाळी विचारला. लिंगपूजा झाल्यावर ते जरा मऊ असतात. लिंग पुन्हा वस्त्रात बांधलं. मग म्हणाले, "नाही गेलो. लहानपणी वडिलांच्या टांग्यातून जाताना तारेच्या आत माणसं रांगेत उभी केलेली दिसायची. वडील म्हणायचे, तिकडं बघू नको. पुढं तार निघाली, तरी गेलो नाही." एवढ्या एका ओझरत्या दृश्यावर त्यांनी अख्खी कादंबरी लिहिली. मी त्यांची मुलगी, आणि हे मला आज कळतंय.

घरात त्या नावानं हाक मारत नाही असं तू लिहिलंस. म्हणजे तुम्ही ते पुस्तक घरात येऊच दिलं नसेल. बरोबरच केलंत. मी तुमच्या जागी असते तर चुलीत घातलं असतं.

इकडं घोळ वाढलाय. शिवलीलानं 'गिरणीतला खून' हे नाव पक्कं केलं. अप्पा म्हणाले, "असली नावं बाजारात ढिगानं आहेत. माझ्या पुस्तकाचं नाव बदललं तर करारावर सही करणार नाही." ती म्हणाली, "जुन्या नावानं मी छापणार नाही. माझ्या प्रकाशनाचं ते पहिलं पाप मला नको." दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जेवायला मी एकेकाला वेगळं वाढते. अप्पांच्या हयातीत पुस्तक निघणार नाही असं दिसतंय.

महादेवी


होटगी
३ जानेवारी २०२५

महादेवी,

तू उलटं वाचलंस. पुस्तक आमच्या घरात हाय. पयल्यापासून हाय. त्याची पाठ दोनदा सुटली, बाबानं गोणपाटाच्या सुतळीनं शिवली. कुणाला कधी सांगितलं न्हाय त्ये आता सांगते. शिवलीलाला बी वाचून दाखव, तिच्या वयाच्या पोरींना ह्ये ठाव नसंल.

माझा बाबा तारेच्या आत जन्मला. इंग्रजांच्या कायद्यानं आमच्यासारख्या जमाती जन्मापासनंच गुन्हेगार धरल्या हुत्या. सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारेची वस्ती, तीच सेटलमेंट. रोज हजेरी. भायेर जायचं तर पास. गिरणीत कामाला जायचं अन् परत तारेत यायचं. स्वातंत्र्यानंतर तार निघाली. पण तार हुती त्या जागेवरनं जाताना बाबा पाय उचलून टाकायचा, खाली काय आडवं असल्यासारखा. मला वाटायचं त्याच्या गुडघ्यात दुखतंय.

होटगीला बिऱ्हाड हलवायच्या दिवशी आमी सोलापूर स्टेशनात पॅसेंजरची वाट बघत हुतो. पुस्तकाच्या स्टॉलवर तुझ्या अप्पांचं नवं पुस्तक टांगलेलं. कवरवर काटेरी तार अन् तारेमागं एक चेहरा. बाबा थांबला. त्याला वाचता येत न्हवतं. म्हणाला, "सोने, ही आपलीच तार न्हवं का? वर काय लिवलंय?"

मी वाचलं. महादेवी, मी चौदा वर्षांची. बापाच्या तोंडाकडं बघून त्ये नाव कसं वाचू? तोंडातनं निघालं, "तार कुणी घातली."

बाबा लई वेळ त्या चित्राकडं बघत ऱ्हायला. मग म्हणाला, "ह्ये घ्यायचं. मला बी जन्मभर ह्येच इचारायचं हाय."

होटगीच्या क्वार्टरपुढं रोज तो कामावरनं आला की मी वाचायचे. रविवारी सेटलमेंटातनं आमची माणसं पॅसेंजरनं यायची, ऐकायला. तुझे अप्पा लई झकास लिवतात. गिरणीच्या कॅशियरचा खून झाला तवा बायकांनी पोरं जवळ ओढली. राणबाला बेड्या पडल्या तवा कुणी जेवलं न्हाय. अन् इन्स्पेक्टर रुद्राप्पानं भर कोर्टात मॅनेजरकडं बोट दाखवलं तवा आमच्या अंगणात माणसं उठून उभी ऱ्हायली. कादंबरीतला राणबा सुटला अन् आमच्याकडं गूळ वाटला.

मी पुस्तक मिटलं. बाबा म्हणाला, "बेस झालं. पण तार कुणी घातली त्ये ऱ्हायलं की. पुढचं वाच."

पुढं पानं न्हवती. पुढं केसाच्या तेलाची जाहिरात हुती.

सगळी माझ्याकडं बघत हुती. मी ती जाहिरात डोळ्यापुढं धरली अन् वाचायला लागले: "इन्स्पेक्टर रुद्राप्पानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. तो म्हणाला, खुनाचा तपास संपला, आता एक तपास बाकी हाय. ही तार कुणी घातली?"

त्या दिवसापासनं दर रविवारी मी त्या जाहिरातीतनं वाचत गेले. पण मला तरी काय ठाव? रुद्राप्पा वस्तीत येऊन साक्षी घ्यायला लागला, अन् मी थांबायचे, तवा ऐकणारीच साक्ष द्यायची. म्हातारी केराबाई म्हणाली, "तुज्या रुद्राप्पाला सांग, खांबाचे खड्डे माज्या बापानं खणले. मजुरी हाय म्हणून खणले. आत आपल्यालाच घालायचं हाय त्ये त्याला कुणी सांगितलं न्हवतं." पुढच्या रविवारी मी त्ये वाचून दाखवलं, केराबाई पदर तोंडाला लावून बसली. एकानं हजेरी घेणाऱ्याचं सांगितलं. एकीनं पास हरवल्यामुळं बाळंतपणाला आईकडं जाता आलं न्हाय त्ये सांगितलं. रुद्राप्पा मुकादमाकडं गेला. तो म्हणाला मला सायबानं सांगितलं. सायबाकडं गेला. तो म्हणाला मला वरनं हुकूम. असा तो चाललाच हाय.

ह्या गोष्टीत आता माणसं किती झाली त्ये मला बी सांगता यायचं न्हाय. लग्नात, बारशाला, कुणी गेलं तर दहाव्यापर्यंत, आमच्यात ही गोष्ट सांगतात. पोरंसोरं शिकली, त्यांनी कवर वाचलं असंल की. पण बाबा जिता हुता तवर त्याच्यापुढं त्ये नाव कुणी घेतलं न्हाय. तो गेल्यावर बी घेतलं न्हाय.

तवा, आमच्यात त्या पुस्तकाचं नाव 'तार कुणी घातली'. पंचावन्न वर्सं झाली. तुमी आता बदलताय. आमी कवाच बदललंय.

सोना


नवी पेठ, सोलापूर
८ जानेवारी २०२५

सोना,

तुझं पत्र हातात घेऊन मी दुकानात नुसती बसून राहिले. गिऱ्हाईक खण दाखवा म्हणत होतं आणि मी तिला इरकल काढून दिली.

पुस्तकांच्या घरात जन्मले, सून म्हणून गेले तेही शिकलेल्यांच्या घरात. पुस्तक म्हणजे काय ते मला कळतं असं वाटायचं. एक पुस्तक आपलं नाव टाकून, शेवटचं पान ओलांडून, होटगीच्या अंगणात एवढी वर्षं वाढत राहतं आणि ज्यानं लिहिलं त्याला याचा पत्ताही नाही. हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला थोडी भीतीच वाटली, खरं सांगते. मोठ्या देवळात एकटीनं आत गेल्यावर वाटते तशी.

शिवलीलानं पत्र वाचलं आणि 'गिरणीतला खून' लिहिलेला कागद बाजूला ठेवला.

अप्पांना मी वाचून दाखवलं. जाहिरातीपाशी आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं हसतील. पण त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. म्हणाले, "माझा इन्स्पेक्टर पळवला त्यांनी." मी म्हटलं, अप्पा, पळवला नाही, कामाला लावला. त्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी लहानपणीही एवढी घाबरले नसेन. पुढचं पत्र त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही.

दोन दिवस गेले. आज सकाळी स्वतःच म्हणाले, "बोलव तिला. माझ्या पुस्तकाचं काय केलंय ते माझ्या कानांनी ऐकू दे."

सोना, ते काय बोलतील याची मी हमी देऊ शकत नाही. तू नाही म्हणालीस तरी मला राग नाही. पण येणार असलीस तर सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरली की ये. रिक्षा थेट दुकानापर्यंत येते.

महादेवी


होटगी
२८ जानेवारी २०२५

महादेवी,

येऊन गेले त्याला दोन दिवस झाले, अजून अंगातनं उतरलं न्हाय.

तू माझा हात धरून गादीवर बसवलंस. शाळेत धरायचीस तसाच धरलास, मनगटाला. तुझे अप्पा समोर खुर्चीवर, पांढरं धोतर, कपाळाला विभूती. मी त्यांना पयल्यांदाच बघितलं. मला वाटलं हुतं लई उंच असतील.

पुस्तक जिथं संपतं तिथनं मी सांगायला लागले. मला माझाच आवाज ऐकू येत न्हाय, तवा हळू बोलले का मोठ्यानं त्ये ठाव न्हाय. पण दुकानातली गिऱ्हाईकं उभी ऱ्हायली, त्यावरनं ऐकू जात असंल असं धरलं. मी सगळा वेळ अप्पांच्या तोंडाकडं बघत हुते. नर्सची सवय. केराबाईच्या बापाचे खड्डे आले तवा त्यांनी डोळे मिटले. मुकादम आला, सायेब आला, डोळे मिटलेलेच. मला वाटलं झोप लागली. मग मी गिरणीच्या दारापर्यंत आणून रुद्राप्पाला उभा केला अन् पाणी प्यायला थांबले.

तवा त्यांनी डोळे उघडले अन् माझ्याकडं बघून काय तरी बोलले. लई बारीक. ओठ हलले एवढंच दिसलं. तू तोंड फिरवलंस, शिवलीला उठून आत गेली. ऋतुजा रिक्षा आणायला भायेर गेलेली. मी तुला खुणेनं इचारलं, तू नुसती मान हलवलीस अन् डोळे पुसत बसलीस. मग माणसं जमली, चहा आला, रिक्षा आली, अन् त्ये ऱ्हाऊनच गेलं.

ते काय बोलले त्ये लिव. वाईट बोलले असतील तरी लिव. म्हातारी माणसं मी लई ऐकलीत.

आणि एक. आमचं नाव तुमाला घ्यायचं असंल तर घ्या, त्याचं काय न्हाय. पण आधीची दोन्ही नावं पुस्तकाच्या आत छापा. कोणत्या साली कोणतं नाव हुतं, समदं. नाव बदललं की लोकांना वाटतं तसं काय कधी न्हवतंच. माझ्या उशीवर पुस्तक ठेवलं हुतं, महादेवी. त्ये झालंच न्हाय असं मला कुणी सांगायला नको.

सोना


नवी पेठ, सोलापूर
६ फेब्रुवारी २०२५

सोना,

माझं चुकलं, तेव्हाच तुझ्या तळहातावर बोटानं लिहून सांगायला हवं होतं. 

अप्पा म्हणाले, "मग पुढं?"

एवढंच. एखादा मुलगा विचारतो तसं. त्यांनी इतकी पुस्तकं लिहिली, दुसऱ्या कुणाची रहस्यकथा हातात घेतली की तिसऱ्या पानावर खुनी सांगून पुस्तक मिटायचे. आम्ही भावंडं चिडायचो. पुढं काय झालं हे त्यांनी कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. शिवलीला आत गेली ती रडायला.

 काही दिवसांनी एका दुपारी अप्पांनी शिवलीलाला हाक मारली आणि करार मागितला. सही करून म्हणाले, "नाव त्यांचं घाल. नाव ठेवायला मी नको होतो, मला तिथलं काय माहीत होतं?" तुझी अट सांगितली. म्हणाले, "छाप की. मोठ्या अक्षरात छाप." तेव्हा मुखपृष्ठावर 'तार कुणी घातली', आणि आत पहिल्याच पानावर आधीची दोन्ही नावं, सालासकट. पुढचा भाग शिवलीला आणि ऋतुजा सेटलमेंटात आणि होटगीत बसून ऐकून घेणार आहेत. तो वेगळं पुस्तक म्हणून येईल, ज्यानं जे सांगितलं त्याच्या नावानं. तू हो म्हणालीस तरच.

आता कालचं सांगते. काल सकाळी अप्पा कोट घालून खुर्चीत तयार. म्हणाले, रिक्षा बोलवा. डॉक्टरांकडं जायचं असेल असं मला वाटलं. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याला म्हणाले, "सेटलमेंट."

शिवलीला आणि मी त्यांच्या दोन्ही बाजूंना. तिथं आता काय आहे तुला माहीतच आहे. सिमेंटचे रस्ते, पिठाची गिरणी, दारादारात मोटारसायकली, कुठं तारेचा मागमूस नाही. अप्पा वॉकर घेऊन उतरले आणि रस्त्यात उभे राहिले. एवढा म्हातारा कोटवाला माणूस बघून चारपाच बायका गोळा झाल्या. गिरणीपुढं बसलेले एक आजोबा उठून आले. बिरप्पा त्यांचं नाव. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली. अप्पांना बसवलं आणि मला विचारलं, "कोण म्हणायचं हे?"

शिवलीलानं तोंड उघडलं. ती सांगणार होती की हे चनमल्लप्पा हन्नूरकर, लेखक, ते पुस्तक यांनीच लिहिलंय. अप्पांनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.

बिरप्पांकडं बघून म्हणाले, "तुमच्यात एक गोष्ट सांगतात म्हणे. मी ऐकायला आलोय."

 बिरप्पांनी स्वतःसाठी एक डबा ओढला, त्यावर बसले, आणि सांगायला लागले. बायका तिथंच रस्त्यात बसल्या. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली.

महादेवी